देवांना परत पाठवणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई वझे. नाव आधी लिहून टाकते. राग आला की माझं असं होतं, ज्यांनी त्रास दिला त्यांच्याबद्दलच बोलत सुटते आणि जिनं हात दिला तिचं नाव राहून जातं. मी आज पुण्यात आहे, स्वतःच्या कमाईवर आहे आणि हे चार कागद लिहिण्याइतकी माझी मराठी धड आहे, ती कुमुदताईंमुळे. आता काय झालं ते सांगते.

मी वाशीमकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी शेजारच्या गावी जावं लागे आणि तिथल्या शाळेत मुलींना संडास नव्हता. पाळी आली आणि माझी शाळा सुटली. कुणी काढलं नाही, कुणी ओरडलं नाही. सुटली. थोरला भाऊ पिंपरीला कंत्राटावर कामाला होता आणि खडकीत खोली घेऊन राहायचा, त्यानं स्वयंपाकाला म्हणून मला आणलं. तिथे मी मराठी टायपिंग शिकले आणि कोथरूडच्या एका डीटीपी सेंटरमध्ये लागले. भावाची अट एकच होती. "काम हाये तंवर राह्य. काम सुटलं का गाडीत बसवून देईन." गावी आत्याच्या दिराचा मुलगा माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. त्यामुळे कीबोर्डवर एक अक्षर चुकलं तरी मी अख्खी ओळ पुसून पुन्हा मारायचे.

सेंटर म्हणजे एका सोसायटीच्या पार्किंगमधला गाळा. श्रावण लागला की दिवाळी अंकांची कामं सुरू व्हायची. तशाच एका दुपारी मोपेडचा आवाज आला आणि सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, अशा बाई आत आल्या. मालकांचं नाव श्रीकांत, आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. सरांनी हस्तलिखितासाठी हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "देत नाही. माझं अक्षर माझं मलाच लागत नाही. मी वाचते, ही टाइप करेल." आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"नाव काय?"

"रंजना."

"हे बघ रंजना, टाइप करताना डोकं बंद ठेवायचं नाही. जिथे कंटाळा येईल तिथे मला सांगायचं. तुला आला म्हणजे वाचकालाही येणार."

मी मान हलवली आणि डोकं घट्ट बंद करून टाकलं. असल्या बायांना मी भ्यायचे.

कुमुदताईंनी मुलींच्या शाळेत आयुष्यभर फिजिक्स शिकवलं होतं. नवऱ्याच्या दहाव्याला गुरुजी काय म्हणतायत ते जमलेल्यांपैकी एकालाही कळत नव्हतं. खुद्द गुरुजींनाही, असं ताई म्हणायच्या. त्या रागावर त्या पौरोहित्य शिकल्या. पुण्यात बायकांना ते शिकवणारे वर्ग निघाले होते. निवृत्त झाल्यावर मोपेडच्या डिकीत एका बाजूला पोथी आणि ताम्हन, दुसऱ्या बाजूला विज्ञानकथांचे कागद, असा त्यांचा संसार गावभर फिरायचा. देव मानता का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "माहीत नाही. बोलावलं तर बसायला जागा द्यावी, एवढं मात्र नक्की कळतं."

पूजेला बसल्या की यजमानाची खैर नसे. प्रत्येक टप्प्याला थांबून अर्थ सांगायच्या आणि विचारायच्या, "कळलं? नसेल कळलं तर पुढे जात नाही." मोबाईल नुकते आले होते. एका सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी ऐन पूजेत फोन वाजला आणि तो पाटावरूनच बोलायला लागला. ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्याने खुणेनं 'चालू द्या' म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमचं होऊ दे. देवांना होल्डवर ठेवलंय."

त्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी लिहिलेली गोष्ट अशी होती. सूर्यमालेच्या बाहेर निघालेलं एक यान. त्यातल्या माणसांना कुठलेच विधी आठवत नाहीत, म्हणून ते काम एका यंत्राकडे दिलेलं. एक म्हातारी मरते आणि तिची नात यंत्राला म्हणते, आजीसाठी काहीतरी म्हण. यंत्र संकल्पापाशी अडतं. संकल्पात आपण कुठे आहोत ते आधी सांगावं लागतं. आपल्याकडे म्हणतात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. यानाखाली कुठली नदी? ते कसंबसं सुटतं, तर पुढे कोण करतंय ते सांगायचं. नाव, गोत्र. आणि मग तो शब्द, 'मम'. माझं. यंत्रानं 'माझं' म्हणावं का?

इथे मी थांबले. डोकं बंद ठेवायचं विसरले होते. "ताई, ते यंत्र बाई हाये का माणूस?"

"बाई माणूस नसते का?"

"आमच्याकडे माणूस म्हणजे गडी."

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की सर केबिनमधून बघायला आले. मग एकदम कागद बाजूला ठेवले. "तुझं गोत्र काय गं?"

"मले काय माहीत! आमच्यात कोणी विचारत नाही."

"ज्याला माहीत नसतं त्याला आम्ही काश्यप म्हणायला लावतो. माझं लग्नात बदललं. नवरा गेला, तरी त्याचंच चालू आहे. तुझं माहीत नाही, माझं माझं नाही. म्हणजे त्या यंत्राची अडचण काही फार वेगळी नाही." त्यांनी तिथल्या तिथे दोन पानं फाडली आणि यंत्राला बाईचा आवाज दिला. दुसऱ्या दिवशी आल्या त्या तक्रार घेऊनच. "तुझ्यामुळे मला झोप लागली नाही. आवाज बाईचा दिला की नातीला तिचा धाक वाटेनासा झाला. का वाटेनासा झाला? मीच लिहितेय आणि मलाच वाटेना. सांग."

मला सांगता आलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या उत्तरासाठी थांबलं होतं. त्या थांबायच्या, खरंच थांबायच्या. आणि त्याच बाई माझा 'न' आणि 'ण' चुकला की सगळ्यांसमोर मला सोलून काढायच्या, हेही लिहिलं पाहिजे. जीभ तिखट, स्वयंपाक अळणी, आणि आपलं चुकलं हे कबूल करताना चेहरा असा, की समोरच्यानंच माफी मागावी.

लोक त्यांना वास्तुशांतीला बोलवत, श्राद्धाला तर आवर्जून बोलवत. लग्नाला नाही. त्या विधवा होत्या. त्यांचीच एक विद्यार्थिनी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि तिनं हट्टानं त्यांना लग्न लावायला ठरवलं. आठवडाभरावर लग्न असताना मुलीचे वडील आले. "बाई, गैरसमज नको, तुम्हांला आम्ही मानतोच, पण घरातल्यांचं म्हणणं पडलं की मंगलकार्य आहे..."

ताई म्हणाल्या, "बारावीच्या फिजिक्सला चालले होते ना? तिथे तर मार्कांचा प्रश्न होता."

ते गृहस्थ हसले, हात जोडले आणि दुसरे गुरुजी ठरवून मोकळे झाले. वर लग्नाचं आमंत्रण देऊन गेले! ह्या हसण्याची मला अजून चीड येते. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आता खंडेनवमी. सरांनी त्या वर्षी नवी मशिनं घेतली होती, म्हणून यंत्रांची पूजा रीतसर करायची ठरवली आणि गिऱ्हाईकच पुरोहित, म्हणून कुमुदताईंना सांगितलं. मॉनिटरना झेंडूच्या माळा, सीपीयूवर हळदीकुंकू. सगळे जमलो, तशा सरांच्या बायको, वहिनी, माझ्याजवळ आल्या. "अगं, तुझं काही... बाजूला वगैरे नाही ना?"

माझी पाळी आदल्या दिवशी आली होती. मला खोटं बोलता आलं असतं. पण देवाच्या नावानं विचारलं की मी घाबरायचे. मी खाली बघितलं, तेवढं त्यांना पुरलं. "मग बाहेर बस हं. आणि आज-उद्या मशिनला हात नको लावूस. पूजा झालेली असते."

शटरच्या बाहेर जिन्याच्या पायरीवर मी बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं, जरा वाकलं की दिसतही होतं. आदल्या दिवशी त्याच मशिनवर त्याच हातांनी मी दिवसभर काम केलं होतं, आणि तेव्हा सर म्हणाले होते, "थांबशील ना जरा? अंक अर्जंट आहे." तेव्हा मशिनला काही झालं नव्हतं. अंकाला घाई असली की विटाळ नसतो.

आत ताईंचा आवाज चालला होता. सुपारीचा गणपती झाला, कलशात देवांना बोलावून झालं. मग आवाज थांबला.

"रंजना कुठे आहे?"

घंटा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ह्या मशिनवर रोज ती बसते ना? मग ती कुठे?"

वहिनी हळूच काहीतरी पुटपुटल्या. सर म्हणाले, "अहो ताई, आम्ही काही मानत नाही तसं. पण उगाच शंका नको. धंद्याचा प्रश्न आहे."

"तुम्ही मानत नाही, तर ती बाहेर का?"

"ताई, मुहूर्त चाललाय."

"मुहूर्त चालू दे. मी थांबलेय. श्रीकांत, पाहुण्यांना पाटावर बसवायचं आणि घरात राबणाऱ्या पोरीला पायरीवर, असल्या घरी मी पाहुण्यांना ठेवत नाही. मी बोलावलं, मीच परत पाठवते."

आणि त्यांनी सुपारीवर, कलशावर अक्षता टाकल्या आणि देवांना निरोपाचा मंत्र म्हटला. पूजा निम्मीसुद्धा झाली नव्हती. आरती नाही, नैवेद्य नाही. असं कधी कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. वहिनी रडायच्या बेताला आल्या. "अहो, नैवेद्य राहिलाय!"

"तो तुम्ही खा," ताई म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या आणि रेशमी साडीनिशी माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांना वाटलं असेल मी खूष होईन. मी हमसून हमसून रडत होते. "ताई, तुम्ही असं काऊन केलं? माझी नोकरी जाईल. मला गावी धाडतील. तुम्हाला काय, तुम्ही मोपेडवर बसून घरी जाल!"

त्यांनी बोटांना चिकटलेल्या अक्षता झटकल्या. मग म्हणाल्या, "तुला विचारायला हवं होतं. मी तत्त्वाचा विचार केला, तुझा केला नाही." तो माफी वसूल करणारा चेहरा त्या दिवशी नव्हता.

नोकरी गेलीच, पण लगेच नाही. दसऱ्याला सरांनी मित्राकडून एक फ्लॉपी आणली. तिच्यात पडद्यावर आपोआप आरती ओवाळली जायची आणि घंटा वाजायची. सगळ्या मशिनवर ती घातली. दोन दिवसांत अंकाच्या फायली खराब व्हायला लागल्या. एकेक मशीन बसलं. दुरुस्तीवाल्या मुलानं सगळ्यांदेखत सांगितलं, "सर, ह्या आरतीच्या फ्लॉपीत व्हायरस आहे." पुरावा समोर, फ्लॉपी समोर, आणणारा समोर. आणि सर काय म्हणाले? "व्हायरस निमित्त झाला रे. मूळ कारण वेगळंच आहे." आणि माझ्याकडे बघितलं.

डिप्लोमा झालेला माणूस. भिंतीवर सर्टिफिकेट. मला अजूनही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. शाळा सुटलेली अडाणी मी, आणि मशीन कशानं बिघडलं ते कळूनही न कळणारे ते! संध्याकाळी वहिनींनी गोड आवाजात सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. ताईंची गोष्टही अंकातून गेली. संपादकांनी निरोप धाडला, यंत्र बाईच्या आवाजात मंत्र म्हणतं हे घरातल्या सगळ्यांनी वाचण्याजोगं नाही.

भावानं गाडीची चौकशी केली. आणि रविवारी सकाळी खडकीच्या आमच्या चाळीपुढे मोपेड येऊन उभी राहिली. भाऊ गडबडून उभाच राहिला. घरात एकच खुर्ची होती. ताई खाली सतरंजीवर बसल्या.

"गजानन, मी हिची नोकरी घालवली. म्हणून मी आलेय."

"नाही बाई, तुमचं काही नाही. पोरीची जात. आज ना उद्या जायचंच हाये तिला."

"कुठे?"

"गावी. सोयरीक हाये."

"तिला विचारलंत?"

भावाला हा प्रश्नच कळला नाही. तो वाईट नाही. त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यानं कुणाला विचारावं? त्यानं माझ्याकडे बघितलं. ताईंनीही बघितलं, आणि ह्या खेपेला त्या माझ्या वतीनं एक अक्षर बोलल्या नाहीत. थांबल्या, त्या थांबायच्या तशा. मी कशी बोलले देव जाणे. "मले नाही जायचं, दादा."

"राहशील कुठं? काम कुठं?"

"माझ्याकडे," ताई म्हणाल्या. "काम मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही. मोलकरीण म्हणून नाही. भांडी दोघींची, दोघी घासू."

मी त्यांच्याकडे राहिले. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात त्यांनी शब्द टाकला, तिथे मी लागले. रात्रशाळेचा अर्जही त्यांनीच भरून आणला, मी दहावी झाले. त्यांच्या देवघरात मी कुठल्याही दिवशी दिवा लावायचे. पहिल्यांदा लावला तेव्हा पेटती काडी धरून मी नुसती बघत राहिले आणि ती विझली. ताई पेपर वाचत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "दुसरी काडी ओढ. तो कुठे पळून जात नाही."

पण त्यांचा फोन वाजायचा थांबला. पूर्वी श्रावणात त्यांना जेवायला सवड नसे. आता कॅलेंडर कोरं. 'पूजा अर्धी सोडणारी बाई' हे कोथरूडभर झालं होतं. ज्यांच्याबरोबर त्या पौरोहित्य शिकल्या त्या मैत्रिणी एकदा चहाला आल्या. शिकलेल्या, भाषणं करणाऱ्या बायका. म्हणाल्या, "कुमुद, तुझं बरोबरच होतं, पण वेळ चुकली. आत्ता कुठे लोक आपल्याला स्वीकारायला लागलेत." मी आत कप विसळत होते, एक कप हातातून सुटला. कुणाला स्वीकारायला लागलेत? कुणाला पायरीवर बसवून?

ताई फक्त म्हणाल्या, "चहा गार होतोय."

त्यांना वाईट वाटत होतं, ते मला ठाऊक आहे. त्या घरात एकट्या मंत्र म्हणायच्या, आवाज लावून, कुणासाठीच नाही. मंत्र त्यांना आवडायचे, गणित आवडतं तसे. ते त्यांच्याकडून गेलं, आणि गेलं ते माझ्यापायी. हे एकदा मी बोलून दाखवलं तर खवळल्या. "तुझ्यापायी? स्वतःला फार मोठी समजतेस! मी देवांना परत पाठवलं ते त्यांची सोय बघून."

दोघींनी बरोबर पाहिलेली शेवटची पूजा पाचेक वर्षांपूर्वीची. त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं नवा फ्लॅट घेतला होता, तिच्या वास्तुशांतीला आम्ही दोघी पाहुण्या म्हणून गेलो. पूजा सांगायला गुरुजी होते, कॉलरला माईक लावून. मुलगी आयटीत मोठ्या हुद्द्यावर, कर्ज तिच्या नावावर, हप्ते तिच्या पगारातून. नवरा प्रोजेक्टवर परदेशात. मग यजमान कोण? गुरुजींनी वाट काढली. पाटावर लॅपटॉप ठेवला, त्यात नवरा दिसत होता, मागे त्याच्या ऑफिसची भिंत. लॅपटॉपच्या झाकणाला कुंकू लागलं. नाव आणि गोत्र त्याचं घेतलं. आणि जिचं घर तिला सांगितलं, "ताई, तुम्ही नुसता ह्यांना हात लावून बसा."

ती बसली, दोन बोटं लॅपटॉपच्या कडेला लावून. मध्येच नेट गेलं, नवरा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला, तरी गुरुजींचं चालूच.

मी उठायला लागले. ह्या वेळी गप्प बसणार नव्हते. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात आता हलका झाला होता, नुसती हाडं.

"ताई, तुम्ही सांगा तरी त्यांना!"

"मला पूजेला बोलावलेलं नाही. जेवायला बोलावलंय."

"हे बघवतं तुम्हांला?"

"नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण घर तिचं आहे. तिला विचारल्याशिवाय तिच्यासाठी भांडायचं नाही, हे मी एकदा शिकलेय. तू जेवून घे. मग रागव. उपाशीपोटीचा राग टिकत नाही."

पंगत उठल्यावर ताई त्या मुलीजवळ गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की मुलीनं प्रथम मान हलवली, मग थांबली, मग काहीतरी बोलायला लागली, आणि ताई भिंतीला टेकून, डोकं जरा कलतं करून ऐकत होत्या. खाली रिक्षा हॉर्न मारत होती. लोक आहेराची पाकिटं देत दोघींच्या मधून जात-येत होते. ताई जागच्या हलल्या नाहीत.

महिन्याभरात त्या सांगलीला बहिणीकडे राहायला गेल्या. आता फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, मी ओरडते आणि त्या तिकडून माझे उच्चार सुधारतात.

ताई, मी फ्लॅट बघतेय. लहान आहे, लांब आहे, खडकवासल्याच्या रस्त्याला. बँकवाले रोज नवा कागद मागतात आणि मला रोज धडकी भरते. पण घेणार. त्याच्या वास्तुशांतीला सांगलीहून गाडी करून मी तुम्हांला आणेन, चौरंगासमोर तुम्ही बसाल, आणि यजमानाच्या पाटावर मी एकटी. ज्यांनी तुम्हांला बोलवायचं सोडलं त्या सगळ्यांना जेवायला बोलावणार आहे. आणि त्या दिवशी माझी पाळी आली, तर मुहूर्त बदलणार नाही.